न बोलावता आलेला मिस्त्री

श्रीहरी बोंगाळे आणि बाळकृष्ण घाटगे एकाच दिवशी ड्रायव्हरच्या भरतीला गेले होते. दोघेही धारवाडच्या सुभाष रोडमागच्या गल्लीत वाढलेले, एकाच ट्रकवर हात बसवलेले. मैदानावर ड्रम मांडून आठचा आकडा काढायला सांगितला, तो श्रीहरीनं बाळकृष्णापेक्षा सफाईनं काढला. परीक्षक कौतुकानं मान डोलवत राहिले होते. मग डोळ्यांची तपासणी आली. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं आणि आत कोणता आकडा दिसतो ते विचारलं. श्रीहरीला ठिपके दिसले, आकडा दिसेना. पान उलटलं, तरी तेच. लाल आणि हिरवं आपल्याला वेगळं दिसत नाही, हे त्याला पंचविसाव्या वर्षी, एका अनोळखी माणसाच्या तोंडून कळलं.

बाळकृष्ण पास झाला. बाहेर येऊन त्यानं आधी श्रीहरीच्या खांद्यावर हात टाकला आणि मग आपली बातमी सांगितली. त्या हाताचं ओझं श्रीहरीच्या खांद्यावरून पुढे कधीच उतरलं नाही.

वर्षभरानं डेपोत मिस्त्रीची जागा निघाली आणि श्रीहरी तिथं लागला. गाड्या त्याच्या हाताखालून जायच्या, पण फाटकापर्यंतच. डेपोच्या आवारात तो कुठलीही बस मागेपुढे करायचा, धुण्याच्या जागेवर न्यायचा, दुरुस्तीच्या खड्ड्यावर चढवायचा. फाटकाबाहेर मात्र बाळकृष्ण.

हे असंच चाललं असतं आणि दोघे म्हातारे झाले असते. पण वीसेक वर्षांपूर्वी डेपोत तीन डबल-डेकर आल्या. दुसऱ्या कुठल्याशा शहरानं वापरून सोडलेल्या, तांबड्या रंगाच्या, नाकाडावर पोचे आलेल्या. सगळं धारवाड बघायला लोटलं. इतकी उंच गाडी झाडांच्या फांद्या आणि तारा सांभाळून हुबळीपर्यंत न्यायची तर शांत डोक्याचा माणूस हवा, म्हणून साहेबांनी बाळकृष्णाला निवडलं. तसलं जुनं इंजिन कळणारा डेपोत एकच जण होता, म्हणून ते काम श्रीहरीकडे आलं. पुढची सगळी वर्षं एकानं ती गाडी चालवली आणि दुसऱ्यानं ती चालती ठेवली. गाव ओळखायचं ते एकालाच.

ज्युबिली सर्कलची फुलवाली रोज सकाळी बाळकृष्णाच्या काचेत शेवंतीची माळ अडकवायची. शाळेतली पोरं त्याला बाळूअण्णा म्हणायची. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली, कुणाच्या बारशाचा पेढा आला, तर तो ड्रायव्हरच्या खिडकीतून आत जायचा. श्रीहरी तेव्हा गाडीखाली उताणा पडलेला असायचा.

एकदा त्याची बायको शकुंतला बाजारातून घरी आली ती खुशीत. मळमड्डीच्या त्या दोन खोल्यांत पिशवी टेकवता टेकवता म्हणाली, "अहो, आज बाळूअण्णांनी मला लांबून बघितलं आणि माझ्यासाठी बस थांबवली."

"थांबली ती मी काल ब्रेक बसवले म्हणून थांबली," श्रीहरी म्हणाला.

"तसं नव्हे हो, त्यांनी ओळख दाखवली…"

"जेवायला वाढ."

शकुंतलेनं पुन्हा घरात तो विषय काढला नाही. पण श्रीहरीच्या डोक्यातून तो गेला नाही. बाळकृष्ण वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. वाईट माणसाचा राग करता येतो. हा तर दसऱ्याला सोनं द्यायला सगळ्यांच्या आधी त्याच्याच घरी यायचा.

मग रस्ता बदलला. धारवाड-हुबळी रस्त्याच्या मधोमध वेगळी लेन झाली, तिच्यावर 'चिगरी' नावाच्या नव्या थंडगार बसगाड्या धावायला लागल्या आणि डबल-डेकर कडेला पडल्या. एकीला खालच्या बाजूनं गंज खात आला होता. तिची दारं, काचा, गिअरबॉक्स, एकेक करत श्रीहरीनं उरलेल्या दोघींना लावलं, सांगाडा लिलावात गेला. दुसरी अमरगोळच्या बाजार समितीच्या वाटेवर टाकली. बाजाराच्या दिवशी शेतकरी खाली आणि मिरचीची पोती वर, अशी ती दीड वर्ष चालली. वरच्या मजल्यावर मिरचीचा खाट इतका बसला की साधा प्रवासी चढला की शिंकायला लागायचा. मग तीही गेली. उरली शेवटची. तिला आधी विद्यापीठाच्या चढावर लावली, मग शाळांच्या सहलींना, मग आठवड्यातून तीनदा. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढायच्या, असा नियम आला तेव्हा कागदोपत्री काहीतरी करून तिला आणखी थोडे दिवस मिळाले. शेवटी तिचाही नंबर यादीत आला. त्याच महिन्याच्या अखेरीस बाळकृष्ण साठीचा होऊन निवृत्त होणार होता. श्रीहरीची अजून दोन वर्षं बाकी होती.

साहेबांना वाटलं, गाडीला आणि ड्रायव्हरला मिळून निरोप द्यावा. एका शनिवारी शाळेच्या मुलांना घेऊन धारवाड ते हुबळी अशी शेवटची फेरी ठरली. श्रीनिधी नावाची कॉलेजातली एक मुलगी गावातल्या जुन्या गोष्टींचे व्हिडिओ करायची. ती चार दिवस आधीपासून डेपोत येऊ लागली. बाळकृष्ण स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला, आरशात बघणारा, पायरीवर उभा, असे तिनं त्याला कितीतरी वेळा घेतलं. श्रीहरी मागे इंजिनाचं झाकण उघडून काम करत होता. त्यानं मुद्दाम धुतलेला शर्ट घातला होता. दुपारी ती त्याच्याकडे वळली तेव्हा त्यानं हात पुसले.

"काका," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हाल का? फ्रेममध्ये येताय तुम्ही."

श्रीहरी बाजूला झाला.

शुक्रवारी पत्रिका छापून आल्या. त्यांवर फीत कापायला येणाऱ्या पाहुण्यांचं नाव होतं, साहेबांचं होतं, बाळकृष्णाचं तर ठळक अक्षरांत होतं. श्रीहरीनं पत्रिका उलटी करून मागची बाजूही बघितली.

शनिवारी सकाळी सहा वाजता तो डेपोत पोचला. गाडीला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. डिझेलच्या फिल्टरपाशी एक नट असतो. तो अर्धा फेरा सैल झाला की डिझेलबरोबर हवा ओढली जाते, इंजिन थोडा वेळ चालतं, मग आचके देतं आणि बंद पडतं. श्रीहरीची एक सवय होती. कुठलाही नट आवळला की त्यावरून आणि शेजारच्या पत्र्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. रेघ मोडलेली दिसली की नट हलला असं समजायचं. सगळ्या डेपोला ती सवय ठाऊक होती. त्यानं त्या नटाला पान्हा लावून तो सैल केला. रेघ मोडली.

ब्रेकला आपण हात लावलेला नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. कुणाला काही होणार नाही. इंजिन चालू करून भाषणं होतील, भाषणांतच गाडी मान टाकेल. पाहुण्यांसमोर बाळकृष्ण चावी फिरवत बसेल, लोक हसतील, बस्स एवढंच. त्याला एवढंच बघायचं होतं.

पण पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं. भाषणं राहिली. त्यांनी घाईघाईनं फीत कापली, साहेब ओरडले, "बाळू, होरडो, निघ निघ!" चाळीस पोरं आरडाओरडा करत वरच्या मजल्यावर चढली, बाळकृष्णानं गाडी सुरू केली आणि दोन मिनिटांत डबल-डेकर फाटकातून बाहेर पडली. श्रीहरी टाळ्या वाजवणाऱ्या लोकांमध्ये उभा होता. गाडी ज्युबिली सर्कलकडे वळली. फिल्टरमध्ये किती डिझेल उरतं, ते किती मैल पुरतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती गाडी नवलूरच्या आसपास थांबणार होती. नवलूरला पुलाचा चढ होता.

त्यानं पान्ह्यांची पिशवी उचलली आणि स्कूटर काढली. टोल नाका, विद्यागिरी, गांधीनगर. गाडी कुठं कडेला उभी दिसते का म्हणून तो मान वर करून बघत होता. फोन लावावा तर बाळकृष्ण चालवताना फोन घेत नसे. सत्तूरच्या पुढे वाहनांची रांग लागलेली दिसली आणि त्याला कळलं.

गाडी पुलाच्या चढावर आडवीतिडवी उभी होती. इंजिन बंद पडल्यावर ती पाच-सहा फूट मागे घसरली होती. मागच्या रिक्षावाल्यानं वेळेवर रिक्षा मागे घेतली म्हणून तो वाचला. बाळकृष्णानं ब्रेक दाबून धरला होता. शिक्षकांनी चाकांमागे दगड लावले, पोरांना हाताला धरून खाली उतरवलं. तिसरीतली एक मुलगी वर तोल जाऊन कठड्यावर आपटली होती. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि ती हुंदके देत होती. कुणीतरी तिच्या कपाळाला पाण्याची गार बाटली लावली होती.

बाळकृष्णाचा शर्ट पाठीला चिकटला होता. श्रीहरीला स्कूटरवरून उतरताना बघून त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"आला बघा!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "मी म्हणत नव्हतो? फोन नाही, काही नाही. याला गाडीचं दुखणं घरबसल्या कळतं. वीस वर्षं ही गाडी मी चालवली असं तुम्ही म्हणता ना? चालवली यानं. मी नुसता पुढं बसलो होतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी पोरांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. बसमधूनच आलेल्या श्रीनिधीनं कॅमेरा श्रीहरीकडे वळवला आणि या वेळी त्याला बाजूला हो म्हटलं नाही.

श्रीहरी खाली बसला. हात सरावानं चालले. हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप दाबत राहिला, डिझेलबरोबर बुडबुडे आले, मग बुडबुडे थांबून सरळ धार आली. स्क्रू आवळला. मग तो नट. नटावर पान्हा ठेवताना शेजारी बाळकृष्ण वाकलेला होता. त्याची नजर मोडलेल्या रेघेवर गेली. ती तिथंच थांबली. मग त्यानं श्रीहरीकडे बघितलं, आणि सरळ उभा राहून पोरांना म्हणाला, "चला रे, चढा. सावकाश."

गाडी सुरू झाली. पोरं खिडक्यांतून हात हलवत होती. बाळकृष्णानं हात हलवला नाही.

श्रीनिधीचा व्हिडिओ सोमवारी आला. त्याचं नाव होतं 'न बोलावता आलेला मिस्त्री'. पुलावर थांबलेली तांबडी बस, घामाघूम मिस्त्री, डिझेलनं माखलेले हात आणि बाळकृष्णाचा आवाज, "चालवली यानं." आठवड्यात तो लाखो लोकांनी पाहिला. साहेबांनी श्रीहरीला शाल दिली. मळमड्डीत शकुंतला शेजारणींना फोन दाखवत फिरली. ज्युबिली सर्कलच्या फुलवालीनं त्याची स्कूटर थांबवून हँडलला माळ बांधली. तीस वर्षं ज्या ज्या गोष्टीसाठी तो जळला होता ती ती गोष्ट एका आठवड्यात त्याच्या दारात आली, आणि एकीचीही चव त्याला लागली नाही. बाळकृष्णाचा निरोप समारंभ महिनाअखेरीला डेपोतच झाला. दोघे एका रांगेत बसले होते. बाळकृष्ण त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

आणखी तीन आठवडे श्रीहरीनं काढले. मग एका रविवारी तो केलगेरीला बाळकृष्णाच्या घरी गेला. बाळकृष्ण अंगणात खाटेची नवार आवळत होता. त्याची बायको मालती, "या की अण्णा, किती दिवसांनी," म्हणत आत चहा ठेवायला गेली.

"बाळू, त्या दिवशी नट मी सैल केला होता."

"माहीत आहे." बाळकृष्णानं नवार ओढली. "रेघ मोडली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. शकुंतलाक्का कुठं जाणार?" त्यानं नवारेचं टोक दातांत धरलं, गाठ मारली, मग म्हणाला, "आणि खरं सांगू? मला बोलायचंच नव्हतं तुझ्याशी. अजून नाही."

"मला तुझा राग होता. भरतीपासून."

"कशाचा?"

वाटेत श्रीहरीनं पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. फुलवाली, पत्रिका, शकुंतलेसाठी थांबलेली बस. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. "तू पास झालास," तो म्हणाला.

बाळकृष्णानं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "तुझे डोळे मी बिघडवले होते काय?"

"नाही."

"माझी फजिती करायची होती तर डेपोत करायचीस. मीच पहिला हसलो असतो. वर पोरं होती, श्रीहरी. गाडी मागं सरकली तेव्हा मला वरून त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. माझ्या पायात ताकद नव्हती ब्रेकवर. माझ्या पायात!"

"डेपोतच बंद पडेल असं वाटलं होतं."

"वाटलं होतं," बाळकृष्ण म्हणाला. तो उठला. "मालती, याला चहा दे." आणि तो स्वतः मागच्या दारानं परसात निघून गेला. श्रीहरीनं चहा घेतला. मालतीला काही ठाऊक नव्हतं. ती मुलाच्या बदलीबद्दल बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं श्रीनिधीला भेटून व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. का म्हणून तिनं विचारलं, तेव्हा त्यानं खरं ते सांगितलं. मग तिनं विचारलं, "हे कॅमेऱ्यासमोर सांगाल?"

श्रीहरीनं नकाराची मान हलवली. तेवढं धैर्य त्याच्यात नव्हतं, आणि ते त्यानं स्वतःपासून नंतरही कधी लपवलं नाही. तिनं व्हिडिओ काढून टाकला. लोकांनी दोन दिवस विचारलं, मग दुसरं काही बघायला लागले. शकुंतलेला त्यानं त्याच रात्री सांगितलं. तिनं शाल घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवली आणि चार दिवस त्याच्याशी जेवणापुरतंच बोलली. कपाळाला लागलेल्या त्या तिसरीतल्या मुलीला बघायला म्हणून तो एकदा शाळा सुटायच्या वेळी फाटकावर उभाही राहिला. पण एकसारख्या गणवेशातल्या शंभर पोरी बाहेर आल्या. त्यातली ती कोणती हे त्याला कळेना. कपाळावर काहीच उरलं नसणार. तो घरी आला.

गाडीचं बाकीचं रीतसर झालं. श्रीहरीनं बॅटरी काढली, चांगले दोन टायर काढून घेतले, जुने घातले, नंबरप्लेट उतरवून कार्यालयात जमा केली. लिलाव झाल्यावर हुबळीचा एक मोडवाला क्रेन घेऊन आला. ओढून न्यायच्या गाडीतही कुणीतरी स्टिअरिंग धरून बसावं लागतं. साहेब मायेनं म्हणाले, "श्रीहरी, तूच बस की. लायसन कोण बघतो आता?"

"नको साहेब," श्रीहरी म्हणाला, "विशालला बसवा." विशाल डेपोतला नवा ड्रायव्हर. तो चढून बसला. साखळी ताणली गेली आणि इतकी उंच गाडी आवाज न करता फाटकाबाहेर गेली. श्रीहरीनं खड्ड्यावर दुसरी बस घेतली होती, तिच्याखाली तो परत गेला.

चार महिन्यांनी पेन्शनच्या कुठल्याशा कागदासाठी बाळकृष्ण डेपोत आला. फाटकावरच त्याला सगळ्यांनी घेरलं. कुणी पाया पडलं, कुणी पोटाला मिठी मारली, कँटीनवाला "बाळूअण्णा बंद्रु, बाळूअण्णा आले" म्हणत बाहेर धावला. गाडीखालून श्रीहरीला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या आणि भोवती जमत चाललेले पाय. त्याच्या छातीत तीच जुनी कळ उठली, अगदी ओळखीच्या जागी. इतकं होऊनही ती उठावी, याची त्याला शरम वाटली. पण ती उठली, हे खरं.

तो बाहेर आला, हात पुसले आणि त्या घोळक्यात जाऊन मागे उभा राहिला. बाळकृष्णाला तो दिसला.

"चहा घेणार काय?" शेवटी बाळकृष्णानं विचारलं.

दोघे कँटीनच्या बाकावर बसले. नव्या विजेच्या गाड्या कधी येणार, त्यांना मिस्त्री लागतो की नाही, असं थोडं बोलणं झालं. पूर्वी बाळकृष्ण चहा संपल्यावर श्रीहरीच्या पाठीवर थाप मारून उठायचा. आज तो नुसता उठला, "येतो," म्हणाला आणि कार्यालयाच्या पायऱ्या चढला. श्रीहरीनं दोन्ही कप उचलून आत नेऊन ठेवले.